पळते किती ते सोडा, थांबते किती ते बोला!

पगार बेताचा, स्वप्नं मात्र टर्बोचार्ज्ड! अशा वेळी खिशाला झेपणारी ‘स्पोर्टी’ हॅचबॅक निवडायची कशी? शोरूम, गंगाखेड रोड आणि एका रिटायर्ड एस.टी. ड्रायव्हरकडून मिळालेले धडे.

“सर, मॅडमसाठी ऑटोमॅटिक दाखवू का? चालवायला सोपी असते.”

शोरूममधल्या त्या चुणचुणीत पोराने हा प्रश्न माझ्या बाबांना विचारला. डाऊन पेमेंट मी भरणार, कर्ज माझ्या नावावर निघणार, लायसन्स माझ्या पर्समध्ये आणि प्रश्न बाबांना! बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “गाडी तिची हाय, तिलाच विचारा. मी नुसता चहा प्यायला आलोय.”

त्यानंतर त्या पोराने माझ्याकडे वळून जी टेप लावली, ती तुम्हीही ऐकली असेल. बीएचपी, सनरूफ, टचस्क्रीन, ड्युअल टोन, अलॉय व्हील्स! दहा मिनिटांत मी जवळजवळ विरघळले. अठ्ठाविशी गाठलेली, मास कॉमची डिग्री घेतलेली, पुण्यात सात वर्षं राहून परभणीला परतलेली फ्रीलान्सर मी. कॉलेजपासून एकच हौस, लाल रंगाची, खाली बसकी, सुसाट पळणारी छोटी गाडी. कामासाठी मराठवाडाभर फिरायचं, महिन्यातून एकदा पुणे गाठायचं, मग एस.टी.च्या रांगेत किती दिवस उभं राहणार?

बाहेर पडल्यावर बाबा एवढंच बोलले, “गाडी पळती किती, हे कुणीबी सांगंल. थांबती किती, ते कुणी सांगितलं का?” माणसाने तीस वर्षं एस.टी. चालवलेली. पण तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

स्पोर्टीचा फंडा

छोट्या घरगुती गाडीत दमदार इंजिन घालायची कल्पना जुनीच. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय १९७६ साली बाजारात आली आणि जगभर ‘हॉट हॅच’ची फॅशन रुजली. आपल्याकडे २००१ मध्ये फियाटची पॅलिओ आली. सचिन तेंडुलकर तिचा ब्रँड अॅम्बॅसडर. तिचं १.६ लिटरचं मॉडेल त्या काळच्या पोरांसाठी दैवत होतं. २००५ च्या मे महिन्यात मारुतीची स्विफ्ट आली आणि ‘फॅमिलीची गाडी दिसायलाही झक्कास असू शकते’ हे मध्यमवर्गाला पटलं.

मग २००६ च्या बजेटने खेळाचे नियम बदलले. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तर एक्साइज ड्युटी २४ वरून १६ टक्के. झालं, सगळ्या कंपन्यांनी इंजिनं छोटी केली. स्विफ्टसुद्धा २०१० मध्ये १.३ वरून १.२ लिटरवर आली. छोट्या इंजिनातून जास्त ताकद काढायची तर टर्बो हवा. म्हणून २०१३ मध्ये चाकणची पोलो जीटी टीएसआय (१०५ पीएस) आली, २०१५ मध्ये १४५ बीएचपीची अबार्थ पुंटो, २०१७ मध्ये बलेनो आरएस आणि २०१८ मध्ये टियागो जेटीपी.

यातली एकही आज नवीन मिळत नाही! ‘हॉट हॅच पाहिजे’ असं आपण सगळे चहाच्या टपरीवर म्हणतो, पण चेक फाडायची वेळ आली की त्याच पैशात उंच एसयूव्ही घेतो. चार मीटर आणि १२०० सीसीची रेघ मात्र अजून तशीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून याच रेघेच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी सेससकट २९ टक्के होता. म्हणजे हॅचबॅकवाल्यांसाठी दिवस बरे आहेत.

काळी माती, खरी टेस्ट

टेस्ट ड्राइव्हसाठी परभणीसारखी जागा नाही, हे मी अभिमानाने सांगते. आमची जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता हळूहळू लाटेसारखा होतो. वरून सपाट दिसतो, पण ऐंशीच्या स्पीडला गाडी होडीसारखी डोलायला लागते. त्यात न रंगवलेले स्पीडब्रेकर, अचानक आडवी येणारी म्हैस आणि मे महिन्यात चाळीसच्या वर गेलेला पारा. जिंतूरकडे चढ-उतार आणि वळणं, गंगाखेडकडे सरळसोट पट्टा. जी गाडी इथे नीट वागली, ती बाणेर-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आरामात वागेल.

आणि हिवाळ्यात आमच्याकडे ऊस असतो.

एका संध्याकाळी मी गंगाखेडहून परत येत होते. गाडी चुलतभावाची, टर्बो इंजिनची. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. भाऊ तिच्या बीएचपीचे गोडवे गाताना थकत नाही. मीही ऐंशीवर होते, गाणी चालू होती. समोरून आलेल्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर पडले, तो गेला आणि पुढच्या क्षणी माझ्यासमोर उसाची ट्रॉली उभी! मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसतं काळंभोर धूड.

मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. पाय थरथरला, गाडी घसरत गेली आणि बॉनेट ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलं. उसाची पाचट काचेवर टेकली होती. खाली उतरून मोबाइलच्या उजेडात टायर पाहिले, तर त्यांवरची नक्षी पार पुसली गेलेली. इंजिनवर लाखो रुपये आणि टायर गुळगुळीत!

घरी येऊन मी हिशेब मांडला. ऐंशीच्या स्पीडला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे बावीस मीटर तसेच गेले. पुढचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. साठचे ऐंशी केले, तर ब्रेक लागल्यावरचं अंतर पावणेदोन पटीहून जास्त होतं. त्या रात्री बाबांचा प्रश्न मला कळला.

माझी शॉर्टलिस्ट

दुसऱ्या दिवशी वही उघडली आणि कॉलम बदलले. पहिला कॉलम ब्रेक आणि टायर, दुसरा सेफ्टी, तिसरा ओव्हरटेक आणि चौथा ईएमआय. रंग सगळ्यात शेवटी.

ह्युंदाई आय-२० एन लाइन: माझ्या मनातली हीच. ९९८ सीसीचं टर्बो इंजिन, १२० पीएस. खरी मजा टॉर्कमध्ये आहे. १७२ न्यूटन मीटर आणि तेही १५०० आरपीएमपासून. म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अडकलात तर गिअर न पाडताही गाडी उसळी घेते. चारही चाकांना डिस्क ब्रेक. टायर १९५/५५ आर १६. यातला ५५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ५५ टक्के. हिशेब केला तर साधारण १०७ मिलिमीटर. दिसायला एकदम टशन, पण खड्ड्यात रिमला धक्का लवकर पोचतो.

मारुती स्विफ्ट: मे २०२४ मध्ये आलेली चौथी पिढी. ८२ पीएस म्हटलं की पोरं नाक मुरडतात. पण वजन जेमतेम ९२० किलोच्या घरात असल्याने गाडी हाताला हलकी लागते, वळणावर मस्त वळते. टॉर्क ११२ च्या आसपास आणि तोही ४३०० आरपीएमला, त्यामुळे ओव्हरटेक करताना गिअर पाडावाच लागतो. मागे ड्रम ब्रेक. डिकी २६५ लिटरची, म्हणजे लग्नाच्या बॅगा बसणार नाहीत. आधीच्या पिढीच्या स्विफ्टला २०२२ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत एकच स्टार मिळाला होता, हे विसरायचं नाही. नव्या गाडीत मात्र सहा एअरबॅग्ज आणि घसरणं आवरणारं ईएसपी अगदी खालच्या मॉडेलपासून मिळतं. वरच्या मॉडेलचे टायर १८५/६५ आर १५, भिंत १२० मिलिमीटर. काळ्या मातीच्या रस्त्यावर हे तेरा मिलिमीटर मोलाचे.

टाटा अल्ट्रोझ: २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार. डिकी ३४५ लिटर. साधं पेट्रोल इंजिन ८८ पीएसचं, म्हणजे रेसिंगचं वेड असलेल्यांचं मन भरणार नाही. पण आई-बाबांना घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्यांनी ही चालवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय: मोह! पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, त्यामुळे चांगली गाडी हाती लागणं म्हणजे नशीब. जुन्या जीटीमध्ये सात स्पीडचा डीएसजी गिअरबॉक्स असतो. सर्व्हिसचे सगळे कागद असतील तरच पुढे जा. आणि २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल, तर तिला ते चालतं का, हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा. मी नाद सोडला, कारण एका शब्दावर अडले. सर्व्हिस सेंटर. ते किती किलोमीटरवर आहे, हे विचारा आणि मगच प्रेमात पडा.

ईएमआयचा गिअर

आता खिशाचं बोलू. फ्रीलान्सरचा पगार म्हणजे परभणीचा पाऊस. आला तर धो धो, नाहीतर नाहीच. म्हणून मी एक नियम केला. ईएमआय सरासरी कमाईवर न ठरवता सगळ्यात वाईट महिन्यावर ठरवायचा. माझा वाईट महिना तीस हजारांचा. त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे दहा हजारांच्या आसपास. नोकरी असेल तर इन्सेंटिव्ह आणि बोनस बाजूला ठेवून हाच हिशेब करा.

मी गाड्या पाहत होते तेव्हा एन लाइनसाठी मला सात लाखांचं कर्ज लागत होतं. नऊ टक्के व्याज, पाच वर्षं, ईएमआय १४,५३१. “मॅडम, सात वर्षं करा ना, ११,२६२ वर येतो,” हे शोरूमचं उत्तर. ऐकायला गोड, पण एकूण व्याज १.७२ लाखांवरून २.४६ लाखांवर जातं! स्विफ्टला पाच लाख पुरत होते. पाच वर्षांसाठी ईएमआय १०,३७९.

एक्स-शोरूमच्या आकड्यावर भाळू नका. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स आहे. साडेसात लाखांच्या गाडीवर ८२,५०० रुपये तिथेच गेले. वर इन्शुरन्स. त्यात एक गंमत आहे. २०२२ च्या दरपत्रकात नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १००० सीसीपर्यंत ६,५२१ आणि त्यावर १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये. म्हणजे १२० पीएसची एन लाइन इथे ८२ पीएसच्या स्विफ्टपेक्षा स्वस्त, कारण हिशेब सीसीचा आहे, ताकदीचा नाही!

पण परभणीकरांचं खरं दुखणं पेट्रोल. मनमाडच्या डेपोतून टँकर इतक्या लांब येतो की राज्यातल्या महागड्या पेट्रोलच्या बातम्यांत २०१८ आणि २०२१ मध्ये आमचं नाव सारखं झळकत होतं. कागदावर स्विफ्ट २४.८ आणि एन लाइन वीसच्या आसपास मायलेज देते. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर दहा लिटरचा फरक, म्हणजे हजारावर रुपये. ईएमआयचा फरक धरून महिन्याला पाच हजार. तेवढ्यात माझा इंटरनेट, फोन आणि पुण्याच्या दोन चकरा निघतात.

टेस्ट ड्राइव्हला हे कराच

* शोरूमच्या गुळगुळीत चकरीवर समाधान मानू नका. तुमच्या रोजच्या खराब रस्त्यावर गाडी न्या.
* मागे कुणी नाही हे बघून साठवर जोरात ब्रेक दाबा. गाडी सरळ थांबते की एका बाजूला ओढते?
* तिघा मित्रांना बसवून, एसी लावून चढ चढा. एकट्याने चालवताना प्रत्येक गाडी स्पोर्टीच वाटते.
* एक फेरी अंधार पडल्यावर मारा. हेडलाइटचा उजेड पुरतो का, ते तेव्हाच कळतं.
* वरच्या मॉडेलच्या सनरूफला लागणारे पैसे आधी चांगल्या टायरसाठी राखून ठेवा.

मग मी काय घेतलं?

स्विफ्ट. मॅन्युअल. वरचं मॉडेल, पंधरा इंची टायरसाठी. लाल रंग? हो, तेवढा हट्ट पुरवून घेतला! एन लाइन मला आजही आवडते आणि माझा वाईट महिना पन्नास हजारांचा असता, तर कदाचित तीच आली असती. तुमचा असेल तर खुशाल घ्या, चार डिस्क ब्रेक वाया जात नाहीत.

गाडी घरी आल्यावर पहिली चक्कर गंगाखेडची. गोदावरीवर जाऊन नारळ वाहिला आणि तिन्हीसांजेला परत निघालो. ट्रॉली भेटली होती ती जागा आली तेव्हा मी साठवर होते. पुढे पुन्हा एक ट्रॉली दिसली. या वेळी बरीच आधी दिसली. मी ब्रेकवर हलकेच पाय ठेवला, गिअर पाडला, समोरचा रस्ता मोकळा झाल्यावर पुढे निघाले. बाबा काय म्हणतात म्हणून शेजारी बघितलं.

तीस वर्षं एस.टी. चालवलेला हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत कधी डोळा मिटत नाही. मामाच्या गाडीत नाही, काकाच्या गाडीत नाही. अख्खा प्रवास पायाने खोटे ब्रेक दाबत असतो.

आज सीटबेल्ट लावून, तोंड उघडं टाकून, मस्त घोरत होते.