जुनी राजदूत 350 घेताना: कॉम्प्रेशनचा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 मध्ये यामाहाच्या आरडी 350 वर आधारित राजदूत 350 बाजारात आणली. 347 घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, सेवनमार्गात रीड व्हॉल्व्ह. सेकंडहँड व्यवहारात तिच्या कॉम्प्रेशनबद्दल बरेच गैरसमज आढळतात.

पहिला गैरसमज किकचा. किक जड लागली म्हणजे इंजिनात दम आहे, असे सर्रास मानले जाते. कोरडी पडलेली बेअरिंग, गंजलेला सिलिंडर किंवा गिअरबॉक्समधली अडचण यांमुळेही किक जड होते. शिवाय या इंजिनात एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो, म्हणून एका सिलिंडरचा कमकुवतपणा दुसऱ्याच्या जोरात झाकला जातो. पायाचा अंदाज इथे मोजणीला पर्याय ठरत नाही.

मोजणी मात्र नीट व्हावी लागते. इंजिन गरम करून दोन्ही प्लग काढायचे, इग्निशन बंद ठेवायचे, एका भोकात गेज घट्ट बसवायचे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारायच्या. ॲक्सिलरेटर बंद राहिला तर सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसते.

‘अमुक पीएसआय आले तरच गाडी घ्या’ हा सल्लाही अपुरा आहे. प्रत्येक सिलिंडर जेमतेम 173 घनसेंटिमीटरचा. गेजच्या नळीतली जागा त्यात मिळाली, की आकडा खाली येतो, आणि दोन गेजांवर दोन वेगळे आकडे दिसतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटरवरच्या फरीदाबादेत उंचीचा परिणाम नगण्य, पण महाबळेश्वरला हवा विरळ असल्याने तेच इंजिन स्पष्टपणे कमी दाखवेल. भरवसा ठेवावा तो तुलनेवर: एकाच गेजने, एकाच वेळी घेतलेल्या दोन सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा.

आकडा जास्त आला म्हणून हुरळण्यातही अर्थ नाही. पिस्टनच्या माथ्यावर साचलेला कार्बन जागा व्यापतो आणि दाब वाढवतो. प्लगच्या भोकातून नुकतेच ओतलेले ऑइल रिंगांच्या फटी बुजवून तेच करते. उलट, वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत रिंगा खाचेत अडकलेल्या असतात; तिचा कमी आकडा इंजिन काही काळ चालल्यावर सुधारूही शकतो. दिल्ली-एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2014 मध्ये निर्बंध घातल्यानंतर तिकडच्या, वापराविना उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांबाबत ही शक्यता विशेष लक्षात घ्यावी लागते.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे कॉम्प्रेशन चांगले तर इंजिन चांगले. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तिथूनच वर ढकलले जाते. क्रँकची ऑइल सील कडक होऊन गळू लागली तर आत जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून जाम होतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्समधले ऑइल ओढले जाऊन धूर वाढतो. प्लगच्या भोकातल्या गेजला यातले काहीच कळत नाही. त्यासाठी कार्ब्युरेटर व सायलेन्सरची तोंडे बंद करून आत सुमारे सहा पीएसआय दाब भरावा आणि तो काही मिनिटे टिकतो का, हे पाहावे.

नुकत्याच बोअर मारलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशनही उत्तम येते. म्हणून सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चने पिस्टनवरचे उभे ओरखडे पाहावेत आणि प्लगच्या भोकातून माथ्यावरचा मापाचा आकडा वाचावा. मूळ बोअर 64 मिलिमीटरचा असून जादा मापाचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. त्यांतले शेवटचे माप आधीच बसलेले असेल, तर पुढच्या झिजेनंतर नवी स्लीव्ह घालावी लागते, आणि किंमत ठरवताना तो खर्च धरावा लागतो.