रायफलचा चामडी पट्टा

रायफलचा चामडी पट्टा म्हणजे रायफल खांद्यावर किंवा पाठीवर अडकवून नेण्यासाठी, तसेच नेम धरताना हात स्थिर ठेवण्यासाठी तिच्या पुढच्या व मागच्या कड्यांत ओवलेला चामड्याचा पट्टा होय. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक देशांच्या सैन्यांत असे पट्टे प्रचलित होते. पुढे त्यांची जागा प्रथम सुती नवारीच्या आणि नंतर नायलॉनच्या पट्ट्यांनी घेतली.

लोखंड आणि लाकूड यांच्या तुलनेत चामडे अल्पायुषी असते. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची रायफल सुस्थितीत आढळते, पण तिचा मूळ पट्टा बहुधा तुटलेला, सुकलेला किंवा हरवलेला असतो. संग्रहालये, परवानाधारक संग्राहक आणि ऐतिहासिक चित्रपटांचे निर्माते यांना म्हणूनच नव्याने घडवलेल्या पट्ट्यांची गरज भासते. अशा पट्ट्याचा दर्जा मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : त्या रायफलला साजेसा नमुना, वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे आणि हाताची शिलाई.

इतिहास

भारतातील अनेक तोड्याच्या बंदुकांच्या दस्त्याला पट्टा अडकवण्यासाठी कड्या किंवा खाचा असत. युरोपीय पद्धतीच्या पलटणी उभ्या राहिल्यावर ठरावीक मापाचे, एकसारखे पट्टे पुरवण्याची आवश्यकता निर्माण झाली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने लष्करासाठी खोगीर, लगाम, पट्टे इत्यादी वस्तू भारतातच बनवण्यावर भर दिला. त्यातूनच १८६० च्या दशकात कानपूर येथे सरकारी खोगीर कारखाना आकारास आला. पुढे कूपर ॲलन या खाजगी कंपनीनेही तेथे मोठा चर्मोद्योग उभारला. कानपूर आजही खोगीर व चामडी साजाचे भारतातील प्रमुख केंद्र आहे.

ब्रिटिश सैन्यात मार्टिनी-हेन्री (१८७१) आणि त्यानंतरच्या ली-मेटफर्ड या रायफलींच्या काळात चामडी पट्टे वापरात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांनी नवारीचा पट्टा स्वीकारला. नवार स्वस्त होती, यंत्रावर झपाट्याने विणता येत असे आणि तिला तेलपाणी करावे लागत नसे. अमेरिका व जर्मनी यांनी मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत चामडी पट्टे चालू ठेवले. युद्धकाळात चामड्याचा तुटवडा पडल्यावर अमेरिकेतही नवारीचा प्रसार झाला.

भारतात सर्वाधिक परिचित असलेली जुनी लष्करी रायफल म्हणजे '३०३' या नावाने ओळखली जाणारी ली-एन्फिल्ड. बंगालमधील इशापूर येथील कारखान्यात ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून बनू लागली. सैन्यातून निवृत्त झाल्यावरही ती राज्यांच्या पोलीस दलांत दीर्घकाळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजीच्या संचलनानंतर तिला निरोप दिला.

प्रमुख नमुने

पट्टा शोधताना किंवा बनवून घेताना, संबंधित रायफलला मुळात कोणता पट्टा होता, हे आधी निश्चित करावे लागते.

• ली-एन्फिल्ड (एसएमएलई) : हिचा प्रमाण पट्टा सुती नवारीचा, सुमारे सव्वा इंच (३२ मिमी) रुंद असून त्याच्या टोकांना पितळी पत्रे असतात. त्यामुळे 'मूळ ब्रिटिश चामडी पट्टा' म्हणून या रायफलसाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूकडे सावधपणे पाहावे.

• अमेरिकी १९०७ नमुना : हा एक लांब व एक आखूड अशा दोन चामडी तुकड्यांचा असतो. दोन्ही तुकड्यांत ओळीने जोडछिद्रे असतात आणि धातूच्या दुहेरी आकड्यांनी लांबी कमीअधिक करता येते. याचा फास दंडाभोवती आवळून नेम स्थिर करता येत असल्याने नेमबाजीत हा नमुना विशेष मान्यता पावला. सुरुवातीचे आकडे पितळेचे असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पोलादाचे झाले.

• जर्मन माउझर कॅराबिनर ९८के : या रायफलचा पट्टा दस्त्याच्या बाजूला असतो, खाली नसतो. त्यामुळे पाठीवर घेतल्यावर रायफल चपटी बसते. एकाच चामडी पट्टीला बक्कल, चामडी कडे आणि खुंटी जोडून हा बनवतात.

• रशियन मोसिन-नागां : हिच्या दस्त्याला कड्यांऐवजी आरपार खाचा असतात. कापडी पट्टा या खाचांत छोट्या चामडी वाद्यांनी बांधलेला असतो.

चामडे

कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाशी कमावण्याचे द्रव्य जोडले गेले, की कातडे कुजत नाही व त्याचे चामडे होते. वनस्पतिजन्य पद्धतीत झाडांच्या सालींतील व फळांतील टॅनिन हे द्रव्य वापरतात. महाराष्ट्रात यासाठी बाभळीची साल आणि हिरडा यांचा वापर परंपरेने होत आला आहे. दख्खन व दक्षिण भारतात तरवडाची सालही महत्त्वाची होती. या पद्धतीला काही आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये तिचा प्रसार केला. ही पद्धत थोड्या दिवसांत पूर्ण होते आणि चामडे मऊ व पाण्याला सोसणारे होते.

रायफलच्या पट्ट्यासाठी मात्र वनस्पतिजन्य चामडेच योग्य ठरते. रायफलचे वजन चार किलोच्या आसपास असते. या भाराखाली क्रोमचे चामडे ताणले जाते, तर वनस्पतिजन्य चामडे आकार धरून ठेवते. त्याच्या कडा घासून गुळगुळीत करता येतात, त्यावर ठसा स्पष्ट उमटतो आणि वापराने त्याचा रंग गडद होत जातो. पट्ट्याची जाडी साधारणतः ३ ते ४ मिमी ठेवतात. तो जनावराच्या पाठीच्या भागातून, कण्याला समांतर कापलेला असावा; पोटाकडचे चामडे सैल असल्याने लवकर लांबते.

महाराष्ट्रातील चर्मकला

महाराष्ट्रात रायफलच्या पट्ट्यांचा स्वतंत्र उद्योग नाही. तथापि त्यासाठी लागणारे ज्ञान येथे जुने आहे. विहिरीवरची मोट, पाण्याची पखाल, बैलांचा साज आणि वहाणा या वस्तूंना ओले होऊनही टिकणारे, भार सोसणारे चामडे लागे. परंपरेने कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि वस्तू शिवण्याचे काम चर्मकार समाजाकडे होते. ग्रामजीवन या श्रमावर अवलंबून असूनही श्रम करणाऱ्यांच्या वाट्याला अस्पृश्यता आली. वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, परंतु त्या घडवणाऱ्यांची नावे क्वचितच नोंदली गेली.

कोल्हापूर परिसरात कातड्याची पिशवी शिवून तिच्यात साल व हिरडा यांचे पाणी भरून ती टांगण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. हे पाणी कातड्यातून हळूहळू झिरपते आणि ते आतून बाहेरपर्यंत कमावले जाते. या चामड्यापासून बनणाऱ्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या जिल्ह्यांचा समावेश आहे. पारंपरिक कोल्हापुरी चप्पल खिळ्यांविना, चामड्याच्याच वादीने शिवतात. पट्ट्याला मात्र मेण लावलेल्या दोऱ्याची शिलाई लागते, म्हणून चपलेचा कारागीर आणि खोगिराचा कारागीर यांची कौशल्ये जवळची असली तरी एक नव्हेत.

मुंबईतील धारावी येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तमिळ प्रदेशातून आलेल्या कारागिरांनी कातडे कमावण्याचा व्यवसाय वाढवला. कमावण्याचे काम पुढे तेथून बहुतांशी हलले. आज धारावीत मुख्यतः बाहेरून आलेल्या तयार चामड्यापासून पिशव्या, पाकिटे, कमरपट्टे इत्यादी वस्तू बनतात. नमुना व योग्य चामडे पुरवल्यास कमरपट्टे बनवणारा कुशल कारागीर रायफलचा पट्टाही बनवू शकतो.

हस्तनिर्मित पट्ट्याची पारख

• कापलेली कड : वनस्पतिजन्य चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी किंवा बदामी दिसते. क्रोमच्या चामड्याच्या गाभ्यात बहुधा निळसर किंवा राखाडी छटा आढळते. कडेवर जाड रंग फासलेला असल्यास त्याखाली काय आहे, ते तपासावे.

• उकळत्या पाण्याची चाचणी : चामड्याची छोटी कपची उकळत्या पाण्यात टाकल्यास वनस्पतिजन्य चामडे आक्रसून कडक होते. क्रोमचे चामडे फारसे बदलत नाही.

• पृष्ठभाग : पट्टा दुमडल्यावर बारीक, एकसारख्या सुरकुत्या पडाव्यात. मोठे फुगवटे आले तर चामडे सैल आहे, तडे गेले तर ते कोरडे आहे असे समजावे. चामड्याचा चुरा चिकटवून बनवलेली पट्टी वरून चकचकीत दिसली तरी भार सोसत नाही.

• शिलाई : हाताच्या शिलाईत आरीने छिद्र पाडून एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना लावलेल्या दोन सुया त्याच छिद्रातून परस्परविरुद्ध दिशांनी ओढतात. एक टाका तुटला तरी उरलेले टाके पकड सोडत नाहीत. यंत्राच्या शिलाईत वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. त्यांपैकी एक तुटल्यास शिवण उसवत जाते. टाके दोन्ही बाजूंनी सारखे व किंचित तिरपे असणे हे हाताच्या चांगल्या शिलाईचे लक्षण होय.

• धातूचे भाग : बक्कल व आकडे भरीव असावेत. पितळेचा मुलामा दिलेले लोखंड चुंबकाला चिकटते. युद्धकालीन नमुन्यात मात्र पोलादी आकडेच यथार्थ असू शकतात.

पट्टा बनवून घेताना रायफलच्या कड्यांची आतील रुंदी मोजून द्यावी. शक्य असल्यास मूळ पट्टा, अन्यथा छिद्रांमधील अंतर दाखवणारे पूर्ण आकाराचे रेखाचित्र कारागिराकडे द्यावे. केवळ छायाचित्रावरून बनवलेल्या पट्ट्यात छिद्रांचे अंतर चुकते आणि आकडे बसत नाहीत.

मूळ आणि प्रतिकृती

मूळ लष्करी पट्ट्यांवर बहुधा निर्मात्याचा ठसा व वर्ष असते. उदाहरणार्थ, अमेरिकी पट्ट्यांवर रॉक आयलंड शस्त्रागाराची आद्याक्षरे किंवा 'बॉइट' या कंपनीचे नाव आढळते. असे ठसे प्रतिकृतींवरही उमटवले जातात, त्यामुळे केवळ ठशावरून काळ ठरवता येत नाही. छिद्रांची झीज, दोऱ्याची जुनी घडण आणि धातूखालच्या चामड्यावरील डाग यांचा एकत्रित विचार करावा लागतो. भारतातूनही अशा प्रतिकृती परदेशात जातात. प्रतिकृती बनवणे गैर नाही. ती मूळ म्हणून विकणे ही फसवणूक होय. प्रतिकृतीवर कारागिराने स्वतःचे चिन्ह व वर्ष उमटवल्यास खरेदीदाराची दिशाभूल टळते आणि कारागिराचे नावही वस्तूबरोबर राहते.

निगा

हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६५ ते ७० टक्क्यांपेक्षा अधिक काळ वर राहिली, तर चामड्यावर बुरशी येते. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत पावसाळाभर हीच स्थिती असते. त्यामुळे पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून न ठेवता कोरड्या, हवेशीर जागी सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावा. भिजलेला पट्टा सावलीत वाळवावा. उन्हात किंवा आचेजवळ तो कडक होऊन तडकतो.

वापरातल्या चामड्याला महाराष्ट्राच्या खेड्यांत करंजेल किंवा एरंडेल चोळत. नव्या पट्ट्याला तेल अगदी थोडे लावावे. जास्त तेलाने चामडे लिबलिबीत होऊन ताणते. पितळी भागांवर चामड्यातील स्निग्धांशामुळे हिरवा कळंक चढतो. तो कोरड्या कापडाने पुसावा. जुन्या चामड्याचा तांबूस भुगा पडू लागल्यास त्याला 'तांबडी कुज' म्हणतात. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे होणारी ही हानी तेलाने भरून निघत नाही. असा पट्टा जतन करावा, मात्र त्यावर रायफल टांगू नये. प्रदर्शनासाठी नवा पट्टा वापरून मूळ पट्टा वेगळा ठेवणे हितावह असते.

कायदेशीर बाजू

भारतात रायफल बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याच्या अधीन आहे. जुन्या धाटणीची किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेली आणि दुरुस्ती करूनही वापरता न येणारी शस्त्रे या कायद्याच्या कलम ४५ मधील सवलतीत येतात. रायफल केवळ जुनी असल्याने ती आपोआप परवानामुक्त होत नाही.

चामड्याच्या पुरवठ्यावरही कायद्याचा परिणाम झाला आहे. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती बैल व वळूंनाही लागू झाली. त्यानंतर राज्यातील कारागीर मुख्यतः म्हशीच्या कातड्यावर किंवा बाहेरून येणाऱ्या चामड्यावर अवलंबून आहेत. म्हशीचे चामडे जाड व मजबूत असले तरी त्याचा पोत भरड असतो, त्यामुळे मूळ पट्ट्याशी ते तंतोतंत जुळत नाही.

सद्यःस्थिती

राज्यातील चर्मोद्योगाच्या विकासासाठी १९७४ मध्ये स्थापन झालेले महामंडळ आज संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ या नावाने ओळखले जाते. विजेच्या पंपांमुळे मोट गेली, नळामुळे पखाल गेली, आणि जाड वनस्पतिजन्य चामड्याची स्थानिक मागणी बव्हंशी चपलेपुरती उरली. जुन्या रायफलींच्या पट्ट्यांची मागणी संख्येने अल्प आहे. परंतु तिला स्वस्त यंत्रनिर्मित पर्याय पुरत नाही. संथ कमावणी आणि हाताची शिलाई यांना ती त्यांचे योग्य मोल देऊ शकते.