टक्क्यांचा दाखला आणि हक्काचा पगार

निराधारांच्या अनुदानाला आपल्या खेड्यापाड्यांत "पगार" म्हणतात. शब्द चुकीचा असेल, पण भावना खरी आहे. ज्याच्या हातून काम होत नाही, त्याच्या घरात महिन्याकाठी येणारा तोच एक भरवशाचा पैसा. मात्र तो मिळवताना पुष्कळांची गाडी एका प्रश्नापाशी अडते. "मला एका डोळ्यानं मुळीच दिसत नाही, तरी मला पगार का नाही?"

उत्तर टक्क्यांत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत. 1995 च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. आता सिकल सेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता, शिकण्यातील विशिष्ट अडचण यांचाही त्यांत समावेश आहे. पण यादीत नाव असणे पुरेसे नाही. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व निदान 40 टक्के लागते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर ते 30 टक्के धरतात. म्हणून तो माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

आता नीट ऐका. त्याच माणसाचा पायही अधू असेल आणि त्याचे 20 टक्के भरत असतील, तर? दोन्हींची सरळ बेरीज करीत नाहीत. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भाग मिळवतात. 90 मधून मोठा आकडा वजा करायचा, राहिलेल्याला लहान आकड्याने गुणायचे आणि 90 ने भागायचे. इथे 90 वजा 30, राहिले 60. त्याला 20 ने गुणून 90 ने भागले की सुमारे 13 येतात. 30 आणि 13 मिळून 43 झाले, म्हणजे तो पात्र ठरला! तेव्हा डॉक्टरांपुढे एकच व्यंग सांगून गप्प बसू नये. जे जे आहे ते सारे दाखवावे.

दाखल्यासाठी आधी स्वावलंबन पोर्टलवर नोंद करावी लागते. ती सेतु केंद्रात करून मिळते. आधार कार्ड, फोटो आणि जुने दवाखान्याचे कागद जवळ ठेवावेत. नंतर जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. दाखला नाकारला, तर कारण लेखी मागावे. टक्के कमी लागले असे वाटल्यास ठरलेल्या मुदतीत अपील करता येते. काही दाखले ठरावीक मुदतीचे असतात. ती तारीख घरात सर्वांना माहीत असावी.

दाखला हाती आला म्हणजे पगार सुरू झाला, असे मात्र नाही. दाखला दवाखान्याचा, अनुदान तहसीलाचे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. त्याला उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि बँकेचे पासबुक जोडावे. अनुदानाची रक्कम आणि उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून चालू आकडा तिथेच विचारून घ्यावा. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाची अट याहून कडक आहे. त्याला 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब लागते. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम गावच्या दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत हा हिशेब विचारायला कुणी संकोच करू नये.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून पुढे सरकणारे पोर, हाक मारली तरी न वळणारी मुलगी, हे प्रथम तुमच्याच नजरेला पडते. त्याला "मठ्ठ" म्हणण्याआधी आईबापांना शाळेत बोलावून घ्या आणि तपासणीची वाट दाखवा. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

हा पैसा म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. पण हक्काच्या पैशालाही अर्ज करावा लागतो. आपल्या आळीत असा कोण राहून गेला आहे, ते आज एकदा आठवून पाहा. उद्या त्याच्याबरोबर सेतु केंद्रापर्यंत चालत जा.