गॉथिक आणि पॉवर मेटल : गुणदोषांची पारख

मेटल संगीताबद्दल आपल्याकडे साधारणपणे दोनच मते ऐकू येतात. ज्यांना ते आवडत नाही ते 'नुसता गोंगाट' म्हणून मोकळे होतात, आणि ज्यांना आवडते त्यांना लाडक्या बँडमध्ये काही उणे दिसतच नाही. पारख करण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. वास्तविक कोणत्याही ध्वनिमुद्रणाचे गुणदोष ठरवायचे, तर त्या प्रकाराला काय साधायचे आहे हे आधी समजून घ्यावे लागते. लावणीत विलंबित आलापी नाही अशी तक्रार कोणी करत नाही. मेटलच्या दोन शाखांना, गॉथिक आणि पॉवर यांना, हाच न्याय लावून पाहू.

पॉवर मेटलची बीजे सत्तरच्या दशकातील ब्रिटिश हार्ड रॉकमध्ये आहेत. 'रेनबो' बँडमधील रॉनी जेम्स डिओचा भरदार आवाज आणि पुढे 'आयर्न मेडन'च्या जोडगिटारी यांतून ती रुजली. तिला स्वतंत्र रूप दिले ते जर्मनीतील हॅम्बुर्गच्या 'हॅलोवीन' या बँडने, 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' या अल्बमच्या दोन भागांत (१९८७ व १९८८). द्रुत लय, तार सप्तकातला गळा, सर्वांना सोबत गाता येईल असा ध्रुवपदाचा भाग आणि पराक्रमाच्या कथा ही तिची लक्षणे.

गॉथिक मेटल उत्तर इंग्लंडमधले. हॅलिफॅक्सच्या 'पॅराडाइज लॉस्ट'ने १९९१ मध्ये 'गॉथिक' नावाचाच अल्बम काढला, आणि या शाखेला नावही त्यातूनच मिळाले. शेजारच्या ब्रॅडफर्डच्या 'माय डाइंग ब्राइड'ने व्हायोलिन आणले. नॉर्वेतील स्टाव्हांगरच्या 'थिएटर ऑफ ट्रॅजेडी'ने १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये पुरुषाचा गुरगुरता आवाज आणि स्त्रीचा कोमल आवाज समोरासमोर उभे केले. संथ लय, शोक आणि ओसाडपणा हे येथले भांडवल.

आता पारखीचा पहिला मुद्दा : लय आणि घुमारा. पॉवर मेटलची लय मिनिटाला १८० मात्रांची धरली आणि ड्रमवादक दोन्ही पायांनी प्रत्येक मात्रेत चार आघात करत असला, तर सेकंदाला १२ आघात होतात. दोन आघातांमध्ये जेमतेम ८३ मिलिसेकंद उरतात. अशा ध्वनिमुद्रणावर मोठ्या सभागृहासारखा दोन सेकंदांचा घुमारा चढवला, तर एका आघाताचा नाद विरेपर्यंत पुढचे चोवीस आघात त्यावर येऊन आदळतात. सगळ्याचा चिखल होतो. म्हणून या शाखेत ड्रमचा आवाज कोरडा आणि टोकदार ठेवतात. त्याला कोणी 'टंकलेखन यंत्र' म्हणून हिणवतात, पण तो टोकदारपणा ही वेगाची गरज आहे. प्रत्येक आघात हुबेहूब सारखा ऐकू येऊ लागला आणि माणूस वाजवतो आहे हेच जाणवेनासे झाले, की मात्र तो दोष.

गॉथिकमध्ये मात्रा मिनिटाला साठच्या आसपास उतरू शकते, म्हणजे दोन आघातांमध्ये पूर्ण एक सेकंद. तिथे तोच घुमारा रिकामी जागा भरतो आणि ओसाड देवळात उभे असल्याचा भास देतो. तिथे कोरडा आवाज ठेवला तर गाणे उघडे पडते. म्हणजे एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष. 'आवाज स्वच्छ आहे' एवढ्यावर शिक्का मारणारा परीक्षक अर्धेच काम करतो.

दुसरा मुद्दा गळ्याचा. गुरगुरत्या गायकीत निश्चित सूर फारसा नसतो. तो आवाज स्वररचनेपेक्षा पोत आणि ताल यांचे काम करतो. म्हणूनच त्याच्यासमोर स्त्रीचा आवाज शोभतो : एक खाली पसरतो, दुसरा वर तरंगतो, दोघांची जागा वेगळी. 'थिएटर ऑफ ट्रॅजेडी'त लिव्ह क्रिस्टीनचा गळा ऑपेराचा नाही, हलका आहे. त्यामुळे संवाद जिवंत वाटतो. मात्र हीच युक्ती पुढे अनेक बँडांनी उचलली. एक कडवे त्याचे, एक तिचे, अशी पाळी ठरून गेली. दोघे एकमेकांना उत्तर देत आहेत की नुसते आळीपाळीने येत आहेत, हे ऐकणे म्हणजे गॉथिकची खरी कसोटी.

पॉवर मेटलमध्ये उंच पट्टी हा गुण मानतात. 'कीपर'चा पहिला भाग आला तेव्हा गायक मिशाएल किस्के १९ वर्षांचा होता, आणि त्याचे वरचे स्वर आजही थक्क करतात. पण उंचीची किंमत द्यावी लागते. अ, इ, उ हे वर्ण आपण तोंडाच्या पोकळीतील अनुनादांवरून ओळखतो. गाण्याचा मूळ सूर त्या अनुनादांच्याही वर गेला की वर्णांमधला फरक पुसट होतो. स्त्रीच्या गळ्यात साधारण ७०० हर्ट्झच्या पुढे ही अडचण ठळक होते. म्हणून तार सप्तकात शब्द कळत नाहीत ही तक्रार करताना दोष नेहमीच गायिकेचा नसतो. महत्त्वाचा शब्द तिथे ठेवणाऱ्या रचनाकाराचा तो असतो.

तिसरा मुद्दा गर्दीचा. विकृत केलेल्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या, गिटारचा नाद खर्जापासून बराच वरपर्यंत पसरतो आणि व्हायोलिन, कीबोर्ड व मानवी आवाज यांची जागा खातो. जर्मनीतील क्रेफेल्डच्या 'ब्लाइंड गार्डियन'ने टॉल्किनच्या 'सिल्मरिलियन'वर 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' (१९९८) बेतला. आवाजांचे थरावर थर रचून उभा केलेला समूहस्वर हे त्याचे वैभव. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' (२००२) मध्ये मात्र हे थर इतके वाढले, की मुख्य चाल शोधावी लागते. महत्त्वाकांक्षा तीच, पण कानाला विसावा नाही.

चौथा मुद्दा बांधणीचा. 'कीपर' हा मुळात जोडअल्बम म्हणून योजला होता; तो दोन भागांत निघाला. परिणामी पहिला भाग चाळीस मिनिटांहून कमी, आणि त्यातली सुमारे तेरा मिनिटे एकाच गाण्याने व्यापलेली. उरलेली गाणी त्यामुळे थोडी हलकी भासतात. हा दोष संगीताचा नसून प्रकाशनाचा आहे, आणि परीक्षकाने तो तसा वेगळा मांडायला हवा.

हे सारे मुद्दे एकत्र पाहायचे तर फिनलंडमधील कितेच्या 'नाइटविश'कडे वळावे. पॉवर मेटलचा वेग आणि गॉथिक छाया दोन्ही तिथे आहेत. 'ओशनबॉर्न' (१९९८) मध्ये वाद्यवृंदाचा बहुतेक भार कीबोर्डवर आहे. त्याला नकली म्हणणे सोपे आहे. पण त्या वेगात कीबोर्डचा तीक्ष्ण आरंभ गिटारसोबत नेमका बसतो. 'वन्स' (२००४) साठी लंडनमधील वाद्यवृंद आला. त्याची श्रीमंती संथ, पसरट भागांत उमलते, द्रुत भागांत ती गिटारच्या भिंतीमागे दबते. 'खरा वाद्यवृंद म्हणजे अधिक चांगला' हे समीकरण म्हणून टिकत नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये बँडने गायिका तार्या तुरुनेनला जाहीर पत्राने दूर केले. २००७ च्या 'डार्क पॅशन प्ले'वर आनेट ओल्झन गायली. त्या अल्बमवरचे बरेच निकाल प्रत्यक्षात त्या पत्रावरचे निकाल होते. कानाने पाहिले तर हिशोब वेगळा निघतो : ओल्झनच्या गळ्यात शब्द अधिक स्पष्ट, कथन अधिक जवळचे, पण वाद्यवृंद आणि गिटार एकत्र गर्जतात तिथे तुरुनेनच्या आवाजाचे वजन नाही. निष्ठा ठेवायला हरकत नाही, पण तिचे गुण अल्बमच्या खात्यात मांडू नयेत. तसे केले तर गायिकेवर अन्याय होतोच, शिवाय पुढच्या ऐकणाऱ्याची दिशाभूल होते.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी, कारण मोठे ते कानाला नेहमीच सरस वाटते. नव्वदच्या दशकानंतर अनेक सीडी मुद्दाम मोठ्या आवाजात घोटल्या गेल्या. त्यात हळू आणि जोरकस यांतले अंतर मिटते. पॉवर मेटल हा मार काही प्रमाणात सोसते. गॉथिकचा मात्र प्राणच त्या अंतरात असतो. पातळी सारखी करून एकदा फक्त ड्रम, एकदा फक्त गळा आणि एकदा सगळे मिळून, असे तीनदा ऐकावे. मगच चांगले-वाईट म्हणावे, आणि म्हणताना ते कोणत्या मिनिटाला ऐकू आले तेही सांगावे.