वायरलेसची भाषा : पोलिसांचा आवाज कादंबरीत कसा आणायचा?

आजचा विषय लहान वाटेल, पण पोलिसांवर कादंबरी लिहायला बसलेला माणूस इथं हमखास अडतो. पोलीस वायरलेसवर नेमकं बोलतात कसे?

बहुतेकांच्या कानात असते ती सिनेमातली भाषा. मग आपला सीताबर्डीचा हवालदार कादंबरीत 'टेन-फोर' म्हणतो. हे आकड्यांचे संकेत अमेरिकेतले. १९३०च्या दशकात तिथल्या पोलिसांनी ते बसवले, कारण तेव्हाच्या यंत्रांवर बोलायला वेळ कमी मिळायचा. पुढे प्रत्येक खात्याने आपापले अर्थ लावले. २००५च्या कॅटरिना वादळानंतर तिथल्या सरकारनेच मोठ्या आपत्तीत साधी भाषा वापरायचा आग्रह धरला. वेगवेगळी पथकं एकत्र आली की संकेताचा घोळ होतो, आणि घोळात माणसं दगावतात.

तसंच ते 'ओव्हर अँड आउट'. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे संभाषण संपलं. एकाच दमात दोन्ही म्हणणं म्हणजे 'बोला, आणि बोलू नका'. ऐकायला झकास, पण अर्थ शून्य.

आता गंमत बघा. 'रॉजर' हा शब्द आला कुठून? दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या इंग्रजी वर्णमालेत प्रत्येक अक्षराला एक नाव होतं. 'आर'ला रॉजर, आणि 'आर' म्हणजे रिसीव्ह्ड, संदेश मिळाला. १९५६मध्ये नवी आंतरराष्ट्रीय वर्णमाला आली, 'आर'चा रोमिओ झाला, पण रॉजर काही गेला नाही. मुंबईत पोलीस आयुक्तांचं सांकेतिक नाव 'किंग', आणि पोलीस ठाण्याच्या गाडीला 'पीटर' म्हणतात. हे दोन्ही शब्द त्या जुन्या यादीत सापडतात. नव्या यादीत 'के' म्हणजे किलो आणि 'पी' म्हणजे पापा. आपल्याकडे नागपुरात दुचाकीवरून गस्त घालणाऱ्यांना 'चार्ली' म्हणतात. चार्ली मात्र दोन्ही याद्यांत आहे. म्हणजे शब्द शहरागणिक बदलतो. मुंबईचा 'पीटर' उचलून नागपूरच्या कादंबरीत बसवला, तर इथला वाचक तिथंच थांबेल. मुंबईत 'सीनियर पीआय' म्हणतात, विदर्भात 'ठाणेदार'. खात्याच्या कागदावर 'बिनतारी संदेश' असतो, तोंडात 'वायरलेस'च.

पण खरी गोष्ट शब्दांच्या पलीकडे आहे. नागपुरात कुणी ११२ नंबर फिरवला की तो कसा बोलेल? "साहेब, लवकर या ना! चौकात चार-पाच पोट्टे एकाले मारून राह्यले!" आता तीच बातमी वायरलेसवर कशी जाईल बघा. हा संवाद मी रचलेला आहे, नमुना म्हणून :

"सीताबर्डी चार्ली, कंट्रोल."
"बोला कंट्रोल."
"व्हेरायटी चौक. चार ते पाच इसम एकास मारहाण करीत आहेत. पोहोचून कळवा."
"समजलं. मुंजे चौकातून निघालो."

यात काय झालं? 'पोट्टे'चे 'इसम' झाले, 'लवकर या ना' गळून गेलं. आधी कुणाला, मग कोण, मग कुठं, मग काय. घाबरलेल्या माणसाची बोली खात्याच्या मराठीत गेली आणि भीती मागं राहिली. कादंबरीकाराचं काम इथं सुरू होतं. चार्लीला हे माहीतच नाही की मार खाणारा तरुण आहे की म्हातारा, हत्यार आहे की नाही. त्याच्या हातात फक्त जागा आणि आकडा आहे. तेवढ्यावर तो जातो.

आणि यावर जीव अवलंबून असतात. २६ नोव्हेंबर २००८ची रात्र आठवा. कामा रुग्णालयाजवळ रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. अतिरेक्यांनी त्यांचीच गाडी पळवली. मागच्या बाजूला जखमी अरुण जाधव, मृत सहकाऱ्यांमध्ये पडून. पुढे अतिरेक्यांनी ती गाडी सोडल्यावर जाधवांनी तिच्यातल्याच वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला कळवलं. अतिरेक्यांनी दुसरी, स्कोडा गाडी घेतल्याचा संदेश गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपर्यंत पोहोचला. तिथं तुकाराम ओंबळे यांनी कसाबला धरलं आणि प्राण दिले. त्या संदेशात अलंकार नव्हते. एका गाडीचं वर्णन होतं, आणि ते पुरलं.

याच रात्रीची दुसरी बाजूही आहे. विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या. कोणता संदेश किती वाजता आला, पुढे काय झालं, हे त्यांनी 'टू द लास्ट बुलेट' या २००९च्या पुस्तकात मांडलं. त्यावर मोठा वाद झाला. आपल्यासाठी मुद्दा असा की वायरलेसवरचं वाक्य हवेत विरत नाही, त्याची वेळेसकट नोंद होते. बोलणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून तो मोजून बोलतो. 'कळवलं' आणि 'पोहोचलो' या दोन शब्दांमधली मिनिटं उद्या कुणीतरी मोजणार असतं.

मग अभ्यास करायचा कसा? अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लोक घरी बसून पोलिसांचे संदेश ऐकतात. आपल्याकडे तो रस्ता नाही. १९३३च्या बिनतारी कायद्यापासून परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणंच गुन्हा ठरत आलंय, त्यामुळे त्या भानगडीत पडू नका. सरळ रस्ते आहेत. न्यायालयांचे निकाल वाचा. कसाब प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२चा निकाल उपलब्ध आहे, त्यात त्या रात्रीचा क्रम साक्षीदारांच्या तोंडून येतो. निवृत्त पोलिसांना भेटा, पण 'कोड सांगा' म्हणू नका. विचारा, 'संदेश आला तेव्हा तुम्ही काय करत होतात? काय कळलं नव्हतं?' डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस बंदोबस्ताला येतात. गल्लीबोळ माहीत नसलेल्या माणसाला मोर्चा कुठून वळला हे कसं समजावत असतील, याचा विचार करा. एक अख्खं प्रकरण त्यात आहे.

आणि एक पथ्य पाळा. आज वापरात असलेले संकेत, बंदोबस्ताच्या जागा कुणाच्या तोंडून कळल्याच, तर छापू नका. कादंबरीत आपलं नाव घाला, चालतं. वाचक संकेत तपासत नाही. तो बघतो की अर्धवट माहितीवर निघालेल्या त्या माणसाच्या मनात काय चाललंय. ते तुम्हाला कळलं असेल, तर वायरलेसवर 'निघालो' एवढा एक शब्दसुद्धा पुरतो.

आता प्रश्न घेऊ या.