क्लचप्लेट बदलली, पण फ्लायव्हील पाहिलंत?

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग काही वाढत नाही. ‘ताई, क्लचप्लेट गेली,’ गॅरेजवाला सांगतो आणि आपण मान डोलावतो. पण मैत्रिणींनो, ही प्लेट घासते कशावर, हे कधी विचारलंय?

इंजिनाच्या टोकाला एक जड, गोल चाक असतं. तेच फ्लायव्हील. क्लचप्लेट त्याला घट्ट चिकटून फिरते, तेव्हाच इंजिनाची ताकद गिअरबॉक्समार्गे चाकांपर्यंत पोहोचते. प्लेट घसरू लागली की फ्लायव्हील तापतं. त्यावर निळसर डाग, चरे, कधी केसासारख्या बारीक भेगा पडतात. आता पाटाच उंचसखल झाला असेल, तर वरवंटा नवा आणून काय उपयोग?

माझ्या जुन्या गाडीचं हेच झालं. नवी प्लेट बसवली, तरी पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी थरथर कापायची. गॅरेजवाल्याचं उत्तर तयार, ‘साहेब, लेडीज क्लचवर पाय ठेवूनच चालवतात!’ तेही माझ्या यजमानांकडे बघून. गाडी मी चालवते, पैसे मी भरले, आणि बोलणं त्यांच्याशी! दुसऱ्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून मला फ्लायव्हीलवरचे निळे डाग दाखवले. लेथवाल्याकडून ते सपाट करून आणलं आणि थरथर थांबली. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मात्र दोनदा गेली ती गेलीच.

म्हणून सांगते, काम देतानाच बजावा, ‘गिअरबॉक्स उतरला की मला बोलवा, फ्लायव्हील बघायचंय.’ डाग-चरे वरवरचे असतील, तर मशीनवर पातळसा थर काढून भागतं. किती काढायचा याला कंपनीने मर्यादा दिलेली असते. ती ओलांडली जाणार असेल किंवा भेगा खोल असतील, तर नवंच घ्यावं. बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं ‘ड्युअल मास’ फ्लायव्हील असतं. ते सहसा घासत नाहीत, बदलतात. इंजिनाचं मागचं ऑइल सील गळत नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या. नव्या प्लेटवर तेल उतरलं, तर सगळा खर्च पाण्यात!

क्लचवर पाय टेकवून गाडी चालवू नये, हे खरंच. पण तो नियम बायकांइतकाच पुरुषांनाही. सोनाराकडे बांगडी देताना आपण वजन करून घेतोच ना? मग गॅरेजमध्येच गप्प का राहायचं?