गुणगुणीचे मूळ

इंटरनेटवरून संगीत पुरवणारा स्ट्रीमर घरच्या ध्वनिवर्धकाला जोडताच आलापाच्या निवांत जागी कधी कधी बारीक गुणगुण ऐकू येते. दोष संगीताच्या आकड्यांत नसतो. मार्गात बिघडलेले आकडे ओळखून पुन्हा मागवले जातात. गुणगुण शिरते ती विद्युतमार्गाने : हलक्या अडॅप्टरमधून, अथवा केबलच्या धातुवेष्टनाने दोन उपकरणांचे अर्थिंग जोडले गेल्यामुळे. तेव्हा महागड्या तारांच्या जाहिरातींना भुलण्याआधी साधी, बिनवेष्टनाची केबल वापरून पाहावी. तेवढ्याने न भागल्यास मध्ये प्रकाशतंतूची जोडणी करावी. काचेतून वीज वाहत नाही. मात्र गुणगुण थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा निव्वळ अविचार होय. स्वर निर्मळ हवा. परंतु जिवाच्या मोलाने नव्हे.